सुमनच्या पदरातली किल्ली

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिनिंगच्या ऑफिसात चहा ओतत होते. तिच्या मुलीचा, कविताचा फोन. "याडी गेली, बाई. चुलीपाशी बसली अन् तशीच कलंडली," एवढंच बोलली आणि रडू लागली. त्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. ऐकलं आणि माझी नजर आधी गेली ती भिंतीवरच्या मोठ्या स्विचकडे. त्याला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली सुमनच्या पदरात... खोटं कशाला बोलू, रडू नंतर आलं, आधी भीती वाटली, आता रेचे कोणाच्या भरवशावर सुरू करायचे? काही आठवडे लोटले, तरी ती पुरती गेलेली नाही.

मुकुटबनच्या बाजूला आमची लहानशी जिनिंग आहे. हे वारले आणि ती माझ्या गळ्यात पडली. रेच्यांवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनवर, आसपासच्या बाया कामाला येतात. सुमन त्यांची पुढारी. तोंडाची फटकळ, माझ्याशीही भांडायची. पण भारी भित्री. साप, डॉक्टर, पोलीस, सगळ्याला भ्यायची. मी तिच्याहून भित्री. आमचं जमलं ते त्यामुळंच असावं.

आमच्याकडे लाइनचा, म्हणजे विजेचा, काही भरवसा नाही. म्हणून शेतातल्या मोटरीला लोक ऑटो लावतात. लाइन आली की पाणी आपोआप सुरू. तेच डोकं बायांनी इथं चालवलं होतं. लाइन गेली की स्टार्टरचं बटन सुटतं. ते पुन्हा दाबायला धावायला नको, म्हणून त्यात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी खोचून ठेवायची आणि कडुनिंबाखाली चहाला बसायचं. रेचे घरघरले की समजायचं, लाइन आली. मला याचा पत्ताच नव्हता, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एका दुपारी अशीच लाइन गेली. सगळ्या चहाला बसल्या आणि त्यांच्यातली कौसा अडकलेला कापूस काढायला रेच्यात हात घालून उभी राहिली. तेवढ्यात लाइन आली. रेच्यांच्या आवाजात तिची किंकाळी कोणाला ऐकू गेली नाही. सुमनला दारातून कौसाचा खेचला जाणारा पदर दिसला. तिनं धावत जाऊन काडी उपटली आणि बंदचं बटन दाबलं. कौसा वाचली, पण उजव्या हाताची बोटं गेली.

संध्याकाळी माझे दीर आले. "कौसा घरी पडली असं लिहून तिचा अंगठा घे," म्हणाले, "अन् ज्या बाईनं काडी खोचली तिले आजच हाकल." जिनिंगला टाळं लागेल, मला जेलात नेतील, लेकरांकडे कोण पाहील... डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. सुमन दाराशी उभी होती. म्हणाली, "बाई, काडी मीच खोचली. मले काढा तं काढा. पण कौसा घरी पडली असं नका म्हणू. तिले मंग काहीच भेटत नाही. अन् तुमचं तरी काय भलं होते? उद्या कोणी काहीबाही बोललं तं तुमी काय सांगान?" तिला बोलताना पाहून माझी भीती गेली नाही, वाढलीच. पण सकाळी मी अपघाताची खबर दिली.

कारखान्यांचे निरीक्षक साहेब आले, त्यांनी रेचे बंद करायला लावले. त्यांनी सांगितलं ते असं: कौसाचा उपचार आणि भरपाई मालकाच्या शिरावर, त्यातून सुटका नाही. सुरक्षेच्या बटनाशी खेळ करणं ही कामगाराचीही चूकच, तुम्ही कारवाई करू शकता. पण एका झटक्यात हाकलता येणार नाही, तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. मला तोवर वाटायचं, कायदा म्हणजे मालकाच्या मानेवरची सुरी. सुमनला वाटायचं, तो पैसेवाल्याच्या खिशात असतो. त्या दिवशी दोघींनाही पहिल्यांदाच थोडा श्वास घेता आला.

चौकशीला सुमनला सोबत एक जण आणायची मुभा होती. तिनं कौसालाच आणलं, हाताला पट्टी बांधलेली. चौकशीसाठी मी नेमलेल्या वकिलानं विचारलं तसं कौसा म्हणाली, "खोचली हिनंच. पण चहाले सगळ्याच बसत होतो रोज. अन् उपटलीबी हिनंच." सुमनला लेखी ताकीद मिळाली आणि ती कामावर राहिली. दिरांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतर रेच्यांना जाळ्या बसल्या, मोठ्या स्विचला कुलूप आलं. लाइन गेली की किंवा दिवसाचं काम संपलं की स्विच पाडायचा, कुलूप घालायचं आणि किल्ली सुमनच्या पदराच्या गाठीत. सुरू करण्याआधी ती एकेकीचं नाव घ्यायची, प्रत्येकीनं ओ द्यायची. शेवटी स्वतःचंही घ्यायची, "सुमन... हाये." मगच गाठ सुटायची. मी वैतागून म्हणायची, "सुमन, बाहेर गाड्या उभ्या आहेत." ती म्हणायची, "राहू द्या उभ्या. मले भेव वाटून राह्यलं."

ती गेली तेव्हाही बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. दिरांचा निरोप आला, कुलूप तोडा. मला तोडवेना. आत कोणी नाही हे डोळ्यांना दिसत होतं, तरी हात उचलेना. तिचं सगळं आटोपल्यावर कविता किल्ली घेऊन आली. तिनं गाठ सोडली नव्हती, पदराचा तेवढा तुकडा कापून आणला होता. कौसा पुढं झाली. "द्या माह्यापाशी," म्हणाली. तिच्या हातानं गाठ सुटेना, म्हणून मी सोडली, आणि किल्ली तिच्या पदरात मीच बांधून दिली.

मग कौसानं नावं घ्यायला सुरुवात केली, सुमनच्याच क्रमानं, सुमनच्याच सुरात. बाया ओ देत गेल्या. मी तिची गाठ सोडून दिली, तिनं कुलूप काढलं, मी स्विचवर हात ठेवला. तेवढ्यात सवयीनं तिच्या तोंडून शेवटचं नाव निघालं, "सुमन..."

कोणी ओ दिली नाही. मी हात मागे घेतला.