अकरा वळणं

मांजरी गावातल्या आमच्या नव्या घरात, सगळ्यांत वरच्या मजल्यावर, नळाला करंगळीएवढी धार यायची. गच्चीवरची टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम दहा फूट. दोन महिन्यांत आई कंटाळली आणि गावी परत जाते म्हणू लागली. मी इंजिनीअरिंग कॉलेजात द्रवांचे प्रवाह शिकवतो. मी सरळ पंप विकत आणला.

तो बसवायला पन्नाशीच्या एक बाई आल्या. साडीवर नवऱ्याचा शर्ट, हातात मोठा पाना. पंपाकडे न बघता त्या पाइपावर तळहात ठेवून गच्चीभर चालल्या. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायच्या, बोटांवर मोजायच्या.

"अकरा वळणं हायेत, सर. पाण्याचा जोर हवेत उडून जात नाय. वळता वळता खर्ची पडतो, मग नळाला काय उरणार?"

"हे कुठे शिकलात?"

"उसाला पाणी देताना. या बिल्डिंगीच्या जागी आमचंच वावर होतं."

हेच मी दरवर्षी फळ्यावर सूत्रात मांडतो, पण स्वतःच्या गच्चीवर मला ते दिसलं नव्हतं. बाईंनी थोडा जाड पाइप घेऊन तो सरळ टाकला. पंप खोक्यातच राहिला.

आई त्यांच्यासाठी चहा टाकायला निघाली.

"चहा मागनं," त्या म्हणाल्या. "आधी मनासारखी अंघोळ करा, आजी."

आई आत गेली. बंद दाराआडून पाण्याचा भरघोस आवाज येऊ लागला आणि थोड्या वेळाने तिचं गुणगुणणं. बाई जिन्याच्या पायरीवर बसून शांतपणे ऐकत राहिल्या.