मागचे लाल दिवे

डेलबर्ट कोस्टिन्यूकने आमच्या हॅलबर्ग गावात एकोणतीस वर्षं गाड्या विकल्या. मी त्याच शोरूममध्ये सर्व्हिसच्या खिडकीवर बसते. गाडी बिघडली की लोक जिच्यावर खेकसतात ती बाई म्हणजे मी, आर्लीन. डेलबर्टवर मात्र कुणी आवाज चढवलेला मला आठवत नाही.

त्याचं म्हणणं असायचं की गाडी विकणं सोपं, ती माणसाच्या हातात नीट देणं अवघड. गिऱ्हाइकाला चालकाच्या जागेवर बसवून हा शेजारी बसे आणि तासभर एकेक बटण समजावून सांगे. जानेवारीत तर जाड हातमोजे घालायला लावूनच सगळं करून घ्यायचा. "उणे तीसमध्ये मोजे काढून बटण शोधणार आहात का?" म्हणायचा. म्हातारी माणसं त्याच्याकडेच येत. शहरात गाडी स्वस्त मिळाली तरी येत.

नेटी फेर, कॉर्नीची बायको, त्यांतलीच एक. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली होती, अर्ध्या गावाने तिच्या हातचं सूप प्यायलेलं. बहात्तराव्या वर्षी तिने नवी गाडी घेतली, चंदेरी रंगाची. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. जुन्या गाडीचे दिवे चालू राहून दोनदा बॅटरी उतरली होती, तीही चर्चच्या दारात, भर थंडीत.

"दिवे बंद करायचे राहिले तर, डेलबर्ट?"

"राहणारच नाहीत, मिसेस फेर. हे बटण इथे 'ऑटो'वर ठेवायचं आणि विसरून जायचं. अंधार पडला की गाडी आपणहून दिवे लावते, तुम्ही उतरलात की आपणहून विझवते."

"आणि हात लागून सरकलं म्हणजे? कॉर्नी मला वर्षभर ऐकवेल. गेल्या वेळी सगळ्या मंडळींसमोर म्हणाला, हिला घोडा घेऊन द्या, घोड्याला दिवे नसतात."

डेलबर्ट खो खो हसला. दार उघडून मला हाक मारली, "आर्लीन, ती हिरवी चिकटपट्टी दे ग." मी नेऊन दिली. त्याने बटणावर आडवी पट्टी मारली, अंगठ्याने दाबून बसवली. "घ्या. आता देव आला तरी सरकणार नाही."

"देवाला कशाला मध्ये आणतोस," नेटी म्हणाली. पण खूश होऊन गेली.

ती युक्ती त्याला आवडली. पुढे ज्यांना ज्यांना अशी धास्ती असे, त्यांच्याही बटणांवर त्याने पट्ट्या मारल्या.

दोन वर्षांनी मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला, नेटी बहिणीकडे निघाली होती. वर आकाश निळंभोर आणि खाली जमिनीलगत वारा शेतातला बर्फ उडवत होता. आमच्याकडे असं होतं. मान वर केली की ऊन लागतं, पण समोर बघावं तर दुधात बुडाल्यासारखं. अशा वेळी चालकाला आपल्या गाडीचे दिवे लागलेत असंच वाटतं, कारण पुढचे दोन दिवे दिवसासुद्धा जळत असतात, समोरचे वेगाचे-पेट्रोलचे काटेही उजळलेले असतात. मागचे लाल दिवे मात्र अंधार पडल्याशिवाय लागत नाहीत. आणि त्या पांढऱ्याफटक उजेडात गाडीला अंधार कुठून दिसणार? नेटीने वेग कमी केला, शहाण्या माणसाने करावा तसाच. मागून धान्याचा ट्रक आला.

ट्रकचालक पन्नाशीचा, पोराबाळांचा माणूस होता. तो पोलिसांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "पुढे काही नव्हतंच हो. नुसतं पांढरं होतं."

नेटी गेल्यावर चार दिवसांनी पोलीस अधिकारी आपली गाडी दुरुस्तीला घेऊन आमच्याकडे आला. कॉफी घेता घेता बोलला, "मागचे दिवे बंद होते. विसरली असेल बिचारी."

डेलबर्टने विचारलं, "बटण कुठे होतं?"

"ऑटोवर. वर कसली तरी हिरवी पट्टी चिकटवलेली होती."

मी डेलबर्टकडे बघितलं नाही. त्याने कप खाली ठेवलेला ऐकला. मग तो बाहेर गेला आणि उभ्या असलेल्या गाड्यांवरचा बर्फ झाडत बसला. ज्या झाडलेल्या होत्या त्या पुन्हा झाडल्या.

एप्रिलमध्ये तो मला म्हणाला, "कॉर्नीकडे जायचंय. तू चालव, माझ्याने नाही होणार." मी घेऊन गेले. कॉर्नी फेर स्वयंपाकघरात एकटाच बसला होता. ओट्यावर लोकांनी आणून दिलेले डबे तसेच पडलेले. डेलबर्टने टोपी काढली, पण बसला नाही.

"कॉर्नी, ती विसरली नव्हती. ते बटण हलवू नका असं मीच सांगितलं होतं. पट्टी मी मारली होती. धुक्यात, बर्फात दिवे हाताने लावायचे, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही."

कॉर्नीने ओलं फडकं घेऊन टेबल पुसलं. मग म्हणाला, "तीन आठवडे मी तिच्यावर चिडलोय रे. एवढी एक गोष्ट तिच्या ध्यानात राहू नये, म्हणून. रोज सकाळी उठून तिला बोल लावतो आणि मग चहा करतो. तेवढ्यावर दिवस ढकलत होतो." त्याने हात पुसले. "आता तेही गेलं. तिचं काही चुकलंच नव्हतं म्हणतोस."

"माझ्यावर चीड की."

"तुझ्यावर चिडून काय मिळणार मला? तू तिचा कोण? जा आता. आणि डेलबर्ट, परत येऊ नकोस."



दुसऱ्या दिवसापासून त्याने जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायला सुरुवात केली. धुकं असलं, बर्फ उडत असला, पाऊस झोडपत असला, तर दिवसासुद्धा बटण हाताने फिरवा, मागचे दिवे लावा. दिवसाला वीस-पंचवीस फोन. कुणी म्हणे, बरं बरं. कुणी विचारी, आता काय नवीन विकतोयस? एकीने घाबरून गाडीच परत आणली. तेव्हा आमचा मालक वेस ओल्सन याने त्याला आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"डेलबर्ट, गाडीत दोष नाही. पुस्तकात स्पष्ट छापलंय, अमुक वेळी दिवे हाताने लावा म्हणून."

"छापलंय. पण ते पान मी एकालाही वाचून दाखवलं नाही, वेस. गाणी कशी लावायची ते दाखवलं, खुर्ची गरम कशी करायची ते दाखवलं."

"तू लोकांच्या मनात भीती घालतोयस. हे बंद कर, नाहीतर घरी बस."

तो घरी बसला. त्याला निरोप देताना केक आणायचा की नाही यावर आमच्यात वाद झाला. शेवटी आणला. तो खायला आलाच नाही.

त्याच्या हिशेबाने पट्ट्या अकरा होत्या. नेटीची गेली, दहा राहिल्या. तो घरोघर गेला आणि नखाने खरवडून पट्ट्या काढल्या. नऊ निघाल्या. दहावी गाडी आयरीन टेट्लॉकची. ती दाराची साखळीसुद्धा काढेना. "तूच लावलीस ना? मग चांगलीच असेल. माझं बरं चाललंय." तो तिच्या पायरीवर अर्धा तास उभा राहिला. शेवटी तिने मुलाला फोन केला, मुलाने डेलबर्टला दम दिला.

पुढच्या हिवाळ्यात धुक्याच्या सकाळी तो पेट्रोल पंपाच्या तोंडाशी उभा राहू लागला. अंगात पिवळं जाकीट, हातात पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर लिहिलेलं: मागचे दिवे लावा. लोक काच खाली करत नसत. काही भोंगा वाजवून हसत. पंपावरची मंडळी त्याला "दिवेवाला" म्हणू लागली. मी दोनदा सूप नेऊन दिलं.

"किती जणांनी लावले?" मी विचारलं.

"आज सकाळपासून चौघांनी."

"चौघांनी तर चौघांनी, डेलबर्ट."

"आणि चाळीस अंधारात गेले, आर्लीन. माझ्या समोरून. त्यातल्या सहा गाड्या मी विकलेल्या."

फेब्रुवारीत पायाची बोटं गारठून काळी पडली. दोन कापावी लागली. त्यानंतर त्याच्या बहिणीने त्याला शहरात आपल्याकडे नेलं. मी महिन्याकाठी जाते. रस्त्याकडच्या खिडकीची खोली त्याने आपणहून सोडली, आता मागच्या खोलीत असतो. नेटीचं नाव काढत नाही, गाड्यांचंही नाही. बहीण पिरोही, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, करून वाढते, तो दोन खातो आणि ताट सरकवतो. एकदा मी म्हटलं, "तू मुद्दाम नाही केलंस." तो म्हणाला, "माहीत आहे. म्हणूनच तर सुटका होत नाही." मग टीव्हीचा आवाज वाढवला.

आता शोरूममध्ये गाड्या हातात द्यायचं काम माझ्याकडे आलंय. मी आधी दिव्यांचंच सांगते. लोक मान डोलावतात, पण नजर गाडीतल्या पडद्यावर, आपला फोन त्याला जोडला गेला का, तिकडे. गेल्या मंगळवारी एका जोडप्याने जुनी गाडी घेतली, पांढरी. बाहेर दाट धुकं होतं, झाडांवर बर्फाचे काटे धरलेले. मी नवऱ्याला बटण फिरवून दाखवलं, त्याच्याकडूनही फिरवून घेतलं. तो म्हणाला, "कळलं हो बाई, लहान नाही मी." बायको हसली.

गाडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली, तेव्हा मागची बाजू काळोखी होती; त्याने बटण परत 'ऑटो'वर नेलं असावं. मी कोटाशिवाय धावत सुटले, हात हलवत, ओरडत. रस्त्यापर्यंत पोचले तेव्हा धुक्यात काहीच नव्हतं, नुसता चाकांचा आवाज येत होता. मग तोही विरत गेला.