पल्याड नसलेलं पाणी

आमचे जिजाजी जन्मात एकदाही रस्ता चुकलेले नाहीत. चुकतात ती गावं. पाटीवर एक नाव आणि समोर भलतंच गाव असं झालं की ते शांतपणे गाडी थांबवतात, खाली उतरून त्या गावाकडे रोखून पाहतात आणि त्याला सुधारायची संधी देतात. सौंसरला त्यांची संत्र्याची बाग आहे. कुठल्या झाडाच्या कुठल्या फांदीवर किती फळ टिकेल हे त्यांना फूल पाहूनच कळतं, पण बागेतून घरी यायला दोन वाटा असल्यामुळे रोज संध्याकाळी त्यांचा थोडा गोंधळ होतो. मी त्यांचा साळा, म्हणून हे वाढवून सांगत असेन असं वाटेल. वाटू द्या, साळ्याला तेवढा हक्क असतो.

दिशेच्या बाबतीत त्यांचा एकच सिद्धांत आहे: पाणी कोणत्या हाताला आहे ते पाहावं, बाकी सगळं झूठ. हा सिद्धांत आम्हाला त्यांच्या लग्नातच कळला. आमचं घर पांढुर्ण्याचं. मधून जाम नदी आणि पल्याड सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे दोन काठ एकमेकांवर गोटे फेकतात, ही आमच्याकडची जुनी रीत. एरवी सोयरीक, उठबस सगळं सुरळीत असतं. तर नवरदेवाने ड्रायव्हरला ‘नदी डाव्या हातानं धर’ असं सांगून वरात नेऊन उभी केली सावरगावला. इकडे आम्ही हार घेऊन मांडवाच्या दारात, आणि बँड वाजून राहिला नदीच्या पल्याड. काकांना स्वागताला जावं की गोटे जमवावे तेच कळेना. शेवटी मला पाठवलं. जिजाजी फेटा सावरत काठावर उभे होते. मला म्हणाले, “काहून बाप्पा, पांढुर्णा सरकलं का?”

पुढे त्यांच्या मुलाने फोनवर नकाशा लावून दिला. त्यातली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणाली की जिजाजी तिला विचारत, “तू कवा आलती वं सौंसरले?” आणि डावीकडे वळत. रस्त्यातल्या माणसांनाही ते थांबवत, पण उत्तर ऐकायला नव्हे, वाद घालायला. वाद संपेपर्यंत त्या माणसाची बस निघून जायची आणि मग त्यालाही गाडीत घ्यावं लागायचं.

अशा माणसाच्या शेजारच्या सीटवर माझी ताई बत्तीस वर्षं बसून आहे. तिने त्यांच्याकडे एकच हट्ट केला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, “मले एकदा पल्याड नसलेलं पाणी पाह्यचं हाय.” बिचारी नदीकाठी वाढलेली; कुठूनही पाहा, समोर आपलं सावरगाव. जिजाजी म्हणाले, “दाखवतो.” मग कधी संत्र्याचा बहार आडवा आला, कधी कापसाची वेचणी. मागच्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी ताईच्या डोळ्यांत काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने जात होती. गेलेली परत येणार नव्हती आणि उरलेली किती टिकेल हे नक्की नव्हतं. दिवस आषाढाचे. सगळे म्हणाले, दिवाळीनंतर कोकणात जा, आता पावसात काय दिसणार? “दिवाळीले समुद्र राहीन,” जिजाजी म्हणाले, “हिचे डोये राहतीन का?” आणि गाडी काढली. मला मागच्या सीटवर घेतलं, ते गाडी फसली तर ढकलायला. सोबत घरच्या विहिरीच्या पाण्याची कॅन होती, कारण समुद्राजवळ पाणी खारट राहते.

दुसऱ्या दिवशी घाट उतरलो तेव्हा पुढे पाऊस, मागे पाऊस आणि मध्ये वायपर. मला दोनदा उलटी झाली. किनाऱ्याचा रस्ता लागला तसे जिजाजी खुलले. “आता सोपं हाय. समुद्र उजव्या हाताले ठेवाचा.” उजवीकडे नुसतं पांढरं होतं, झाडांतून मध्येच पाणी दिसे. एका जागी रस्ता डावीकडे वळला, पाणीही वळलं, आम्हीही वळलो. तासभर तसेच गेलो. मी भीत भीत म्हणालो, “जिजाजी, समुद्राच्या कडेला भाताची शेतं कशी?”

“साळेबुवा, तुम्ही पोट सांभाळा.”

पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या दिसल्या तशी त्यांनी गाडी थांबवली, छत्री उघडली आणि ताईला हाताला धरून पायरीवर उभं केलं. “हा घे तुहा समुद्र.” समोर राखाडी पाणी आणि त्याच्यापुढे पाऊसच पाऊस. ताईने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. “खारट हाय,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी माझी उलटी, भातशेती सगळं विसरलो.

आणि पाऊस थांबला. हळूहळू समोर एक कौलारू घर उगवलं, मग दोन नारळ, मग धुणं वाळत टाकणारी एक बाई. जिजाजींनी पाहिलं, मी पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जिजाजींनी छत्री डोक्यावरून काढली आणि ताईच्या तोंडासमोर आडवी धरली. “वारा लागून राहिला,” ते म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

“छत्री काढा अजी,” ताई म्हणाली. “सावरगाव दिसू द्या.”

जिजाजी ओल्या पायरीवर मटकन बसले. छत्री मिटली आणि म्हणाले, “चुकलो मी.” बत्तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. मला तर कुठे पाहावं कळेना. मग ते उठले, माशांची टोपली घेऊन चाललेल्या एका माणसाला थांबवलं आणि त्याचं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं. ही खाडी होती. समुद्र मागेच राहिला होता, आम्ही तासभर आत, उलटे आलो होतो.

समुद्रावर पोचेतो संध्याकाळ झाली आणि पाऊस पुन्हा सुरू. वाळूत उभे राहिलो. आवाज मोठा होता, पण पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, माझ्या धड डोळ्यांनाही सांगता येईना. जिजाजींनी ताईचा हात घट्ट धरला होता.

“दिसून राहिलं का वं काही?”

ताईने मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवली. पुष्कळ वेळ पाहिलं. “नाही,” ती म्हणाली. जिजाजींचं तोंड उतरलं. तशी ती हसायला लागली. “पल्याड काहीच नाही अजी. खरंच नाही.” ते डोळ्यांमुळे होतं, पावसामुळे होतं की समुद्रामुळे, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मला रडू आलं एवढं खरं. पावसात ते खपून गेलं.

आता ताईला फारसं दिसत नाही. जिजाजी हल्ली वाटेत कोणालाही रस्ता विचारतात आणि निमूट ऐकतात. त्या फोनमधल्या बाईचंसुद्धा. यंदा पोळ्याला दोघं आमच्याकडे आले होते. संध्याकाळी नदीवर गेले, मी मागून गेलो. पल्याडच्या देवळातल्या लाऊडस्पीकरवर भजन चालू होतं, म्हशी घरी परतत होत्या.

“पल्याड काय दिसून राहिलं?” ताईने विचारलं.

जिजाजींनी समोर नीट पाहून घेतलं. “काहीच नाही.”

“अन् सावरगाव?”

“सरकलं,” जिजाजी म्हणाले, आणि तिचा हात धरून तसेच उभे राहिले.