कमलची उपकाराची चिठ्ठी

कमल साळवे परळच्या एका खासगी इस्पितळात आयाबाई होती. सकाळी सातला ड्युटीवर जायचं, आठ तास परक्यांच्या म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, पुसायचं, आणि माझगावला चाळीत परत येऊन तेच पहिल्यापासून करायचं. घरी खाटेवर नवरा होता. देवदत्त एकेकाळी गोदीत क्रेन चालवायचा. तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत राहिली, आणि कमलला विचाराल तर तेच सगळ्यांत अवघड होतं.

तिच्या चर्चच्या दाराशी दोन डबे ठेवलेले असत. एक विनंतीचा, एक उपकाराचा. देवाकडे काही मागायचं असेल तर पहिल्यात चिठ्ठी टाकायची, आभार मानायचे असतील तर दुसऱ्यात. उपासनेत पाळकसाहेब त्या वाचून दाखवत. विनंतीला माना खाली जात, उपकाराला टाळ्या पडत आणि कुशाबाकाका पेटीवर जोरकस सूर धरत. काका ऐंशीचे, कानानं अधू. त्यामुळे त्यांचा सूर पार रस्त्यापलीकडच्या इराण्याच्या हॉटेलापर्यंत ऐकू जाई.

दोन वर्षं कमलनं विनंतीच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. दर रविवारी तेच नाव, तेच दुखणं. माणसं वाईट नव्हती हो, पण एकाच दुखण्यापायी माणूस हळहळून हळहळून किती हळहळणार? उपासनेनंतर बायका विचारायच्या, "काय गं, अजून तसंच?" जणू कमलचीच प्रार्थना कुठंतरी कमी पडत होती.

एका रविवारी ती तारवटल्या डोळ्यांनी आली आणि चिठ्ठी दुसऱ्या डब्यात टाकली. 'माझे पती आज स्वतःच्या हातानं जेवले. देवाचे उपकार.'

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाळकीणबाई सीमाताईंनी तिला पोटाशी धरलं. कमलला रडू फुटलं, अगदी खरंखुरं. कारण तिला कुणी जवळ घेऊन कितीतरी दिवस झाले होते. बाकी जेवणाचं सगळं खोटं होतं.

मग चटकच लागली म्हणा ना. चर्चमधला देवदत्त पुढच्या महिन्यात उठून बसला, ईस्टरला भिंत धरून उभा राहिला, मे महिन्यात दारापर्यंत चालत गेला. घरातला देवदत्त खाटेवरच होता. त्याला पेज भरवताना कमल त्याच्या नजरेला नजर देईनाशी झाली. देवाशी खोटं बोलल्याची भीती होती, नाही असं नाही. पण देव आपल्याला बरीच वर्षं ओळखतो, असं तिला वाटे. नवऱ्याला कळलं तर? आपल्या बायकोनं आपल्या जागी धडधाकट माणूस उभा केलाय आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतायत, हे कळल्यावर त्या जिवानं करायचं काय? त्याला तर भांडताही येत नव्हतं.

आणि एका रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "पुढच्या रविवारी पाच वाजता उपकारस्तुतीची उपासना साळव्यांच्या घरी. देवदत्तभाऊ स्वतः आपल्याला दार उघडतील!"

"घर लहान आहे साहेब," कमल कशीबशी म्हणाली.

"त्यात काय? गॅलरीत बसू."

आठवडाभर ती सबब शोधत राहिली. पण सबब सांगायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिचं सगळं त्राण इस्पितळातल्या खाटांपाशी संपत होतं. रविवारी तिनं देवदत्तची दाढी केली, अंग पुसलं, धुतलेला सदरा चढवला. पाचला पंधरा माणसं पेटी आणि ढोलकी घेऊन आली. दार कमलनंच उघडलं.

सगळे आत आले. खाटेवर देवदत्त उशांना टेकून होता. मान एका बाजूला कललेली, ओठातून लाळ आलेली. कमलनं पदरानं ती पुसली.

"हे चालत नाहीत," ती म्हणाली. "जेवतही नाहीत आपल्या हातानं. मी खोटं लिहिलं. मागून मागून थकले मी, साहेब. मला वाटलं, एकदा तरी आपल्याही नावानं टाळी पडू दे." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, चर्चमध्ये मी तुम्हाला चालवलं. माफ करा मला."

देवदत्त तिच्याकडे बघत राहिला. पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. कुशाबाकाकांना निम्मंअधिक ऐकू आलं नव्हतं, म्हणून ढोलकीवाल्या राकेशनं त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं, आणि कमलला ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

"असं होय," काका खाली सतरंजीवर बसत म्हणाले. "मग खरं काय आहे ते सांग की पोरी. आम्ही गायला आलोय."

कमल विचार करत राहिली. खरोखरच काही सापडेना. शेवटी ती खालच्या आवाजात म्हणाली, "आज सकाळपासून यांची चादर कोरडी आहे. एकदाही बदलावी लागली नाही."

तेवढ्यात देवदत्तच्या घशातून खरखरीत आवाज आला. बायकांना वाटलं, रडतोय बिचारा. कमलला कळलं की तो हसतोय. अर्ध्या तोंडानं, पण पोटातून हसत होता, आणि डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

"चादर कोरडी!" राकेश काकांच्या कानात ओरडला.

"देवाचे उपकार!" काका गरजले आणि त्यांनी पेटीचा भाता ओढला.

शेजारपाजारचे गॅलरीत जमा झाले, इतकं ते गाणं चढलं. कमलनं खाटेशेजारी बसून पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला तिचं डोकं नवऱ्याच्या हातावर टेकलं आणि डोळा लागला. सीमाताईंनी काकांना हळू वाजवा म्हणून खूण केली. पण काकांनी मुळीच आवाज कमी केला नाही, आणि कमलही उठली नाही.