छर्रे गळणारी काडतुसं

टेक्सासमधल्या शुगर लँडला आमच्या घरापासून तीन घरं पलीकडे एक काका राहतात. मूळचे नागपूरचे, रिफायनरीतून रिटायर झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. शनिवारी सकाळी रेंजवर जाऊन हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नाद. काडतुसंही ते विकत आणत नाहीत. वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून गॅरेजमध्ये पुन्हा भरतात. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले ती नुसती बघायला. तिसऱ्या खेपेला पंचविसातल्या सतरा तबकड्या फोडल्या आणि तेव्हापासून एक शनिवार चुकवलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात रेंजवर काकांनी कमरेच्या पिशवीत हात घातला, तर मुठीत सुटे छर्रेच आले. काडतुसांची तोंडं नीट मिटलीच नव्हती. रेंजवरच्या माणसाने अदबीने पण ठामपणे सांगितलं, ही इथे चालणार नाहीत. काका एकही बार न काढता परतले.

गाडीत म्हणाले, "पुंगळ्या जुन्या झाल्या असतील."

त्यांनी चांगल्या पुंगळ्या आणल्या, तरी छर्रे गळायचे थांबेनात.

मी पाइपलाइनच्या व्हॉल्व्हची सीलं तपासते. गळती कुठून होते ते शोधणं हेच माझं रोजचं काम. म्हटलं, "काका, मी बघू का?"

"बघ की. पण मला शिकवू नकोस."

भर दुपारी, गॅरेजचं दार अर्धं उघडं टाकून आम्ही बसलो. पुंगळीत बंदुकीची दारू, त्यावर प्लास्टिकची वाटी, वाटीत छर्रे, आणि शेवटी काडतुसं भरायच्या मशीनचा दांडा खाली ओढला की तोंडाच्या चुण्या आत वळून मिटतात. आधी पुंगळ्याच तपासल्या. काहींना सहा चुण्या होत्या, काहींना आठ, आणि काका सगळ्या एकाच साच्याखाली घालत होते. त्या वेगळ्या केल्या. गळती कमी झाली, पण थांबली नाही.

मग एकाच ढिगातल्या पुंगळ्या घेऊन पंचवीस काडतुसं मी भरली, पंचवीस त्यांनी. माझी सगळी सपाट मिटली. त्यांच्यातल्या अकरांना मधोमध भोक राहिलं. पुढच्या खेपेला मी काडतुसांकडे न बघता त्यांच्या खांद्याकडे बघत राहिले. ऑपरेशन झालेला उजवा खांदा दांडा ओढताना शेवटी अडत होता.

सांगावं की नाही, याचा मी फार विचार केला नाही. गळती झाकून ठेवणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मी कामावर पाहिलंय.

"काका, मशीन ठीक आहे. दांडा पूर्ण खाली जात नाहीये."

"माझ्याकडून?"

"हो. शेवटी दोन बोटं वरच राहतोय."

त्यांनी पंखा बंद केला. "बरं. घरी जा आता."

मी गेले. वाईट वाटत होतं, पण बोलले त्याचा पस्तावा नव्हता. तीन दिवस त्यांचा फोन नाही. मीही केला नाही. समजूत घालायला गेले असते तर त्यांना जास्त लागलं असतं.

चौथ्या दिवशी फोन आला. "रविवारी रिकामी आहेस का? दांडा तू ओढ. दारू मात्र मीच मोजणार."

"चालेल."

"आणि तपासणारही मीच."

रविवारी गॅरेजमध्ये दांड्यापाशी माझ्यासाठी स्टूल ठेवलेलं होतं. मी पन्नास काडतुसं मिटवली. काकांनी चष्मा लावून एकेक उचललं, तोंडावरून अंगठा फिरवला आणि त्यातली तीन बाजूला काढली.

"यांचा मधला भाग खोल गेलाय. ताकद आहे म्हणून दणका घालायचा नसतो, अगं. शेवटी हात हलका."

मी निरखून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. ती तिन्ही कापून रिकामी केली, आणि पुढचं काडतूस मिटवताना शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात हात आवरला.