प्रवासाची सतार आणि गुरवाचा मृदंग

माझी पहिली सतार आगगाडीने मोडली. कल्याणहून ठाण्यास निघालो होतो. उतारूंच्या डब्यात ती घेऊ देईनात, म्हणून गार्डाच्या डब्यात दिली. ठाण्यास उतरून पाहतो तो वर वांग्यांच्या करंड्या आणि खाली माझ्या सतारीचा भोपळा, चिरफळ्या झालेला. मी स्टेशनावरच्या बाबूला धरले. तो मान वर न करता म्हणाला, "शेट, भोपळा भाजीत गेला तर त्यात नवल काय? पुढच्या खेपेस करंडीत घालून पाठवा." असल्या माणसांना बसायला खुर्ची मिळते.

मी गवताचा व्यापारी. खाडीवर मिठाच्या गोणी वाहून वर आलो; मला कोणी बोट धरून आणले नाही. विठ्ठलवाडीकडची कुरणे, शिळेच्या फाट्यावरचा मुक्काम, ठाण्याची कचेरी, असे माझे निम्मे आयुष्य बैलगाडीत जाई. सतार शिकलो ती पोटाची सोय झाल्यावर, तिशीत. त्या वयात शिकणाऱ्याने रोज हात फिरवला नाही तर बोटांचे लाकूड होते. म्हणून मला गाडीत, धर्मशाळेत, कुठेही मांडीवर घेता येईल अशी लहान सतार हवी होती. आणि तीच रामनवमीला देवळातही वाजायला हवी होती.

कारण त्या वर्षी मान माझा होता. आमच्या आळीच्या राममंदिरात जन्माच्या कीर्तनाआधी घटकाभर सतार वाजते. तो मान आजवर शिकल्यासवरल्या चार घरांतच फिरत राहिला. उत्सवाची व्यवस्था ठाण्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका गृहस्थाकडे होती. त्यांनी मला दोन वर्षे टोलवले. एकदा म्हणाले, हात अजून कच्चा आहे; एकदा म्हणाले, दुसऱ्याला शब्द देऊन बसलो आहे. तिसऱ्या वर्षी मंडपाचा खर्च मी उचलला, तेव्हा त्यांना माझा हात एकाएकी पक्का दिसू लागला.

सतार फुटल्याचे कळताच वकील स्वतः घरी आले. आपली सतार एक दिवस वापरा म्हणाले. म्हणजे पुढे जन्मभर लोकांना सांगायला मोकळे, की शेटने वाजवली ती आमची. मी नको म्हटले, लहान घेणार आहे म्हटले. त्यावर ते मिशीत हसले. "लहान सतार मुलांना सरगम शिकवायला बरी असते, शेट." झाले. तिथेच माझा निश्चय पक्का झाला.

ठाण्यात मी पहिल्याने पाहिले ते एका ख्रिस्ती वादकाचे गितार. तो लग्नाच्या बाजात वाजवीत असे. वस्तू सोयीची होती: पाठ सपाट, कंबर बारीक, गाडीतल्या गादीखाली सहज सरकेल अशी. पण पडदे दांडीत ठोकलेले. सरकवीन म्हटले तरी सरकत नाहीत. तारही विचित्र मऊ लागली. कसली म्हणून विचारले, तर आतड्याची. रामापुढे आतडे वाजवू काय, असे मी म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "तुमचा मृदंग कशाने मढवतात, शेट?" प्रश्न उर्मट होता, म्हणून मी गितार त्याच्या हाती परत दिले.

मग एका सुताराने केलेली बिनभोपळ्याची सतार पाहिली. पाटाला तारा लावल्या होत्या, आणि आवाजही पाटाचाच होता. शेवटी मिरजेकडून येऊन ठाण्यात राहिलेल्या एका कारागिराकडे मनासारखी मिळाली. दांडी आखूड, भोपळा नारळाहून थोडा मोठा, आवाज चांदीच्या वाटीसारखा. वस्तू आवडली की मी तिच्याकडे पाठ करतो. तासभर त्याच्यापुढे गिताराची स्तुती केली. तो रडकुंडीस आला तेव्हा भाव पाडला, वर गवसणी घेतली, नख्या घेतल्या, तारांची वेटोळी घेतली. मध्येच तो विचारू लागला की कुठे वाजवणार, साथीला कोण असते. गिऱ्हाइकाची चौकशी करणारा दुकानदार भाव वाढवायच्या बेतात असतो, हे मी गोणी वाहत असल्यापासून ओळखतो. मी म्हटले, तुला काय करायचे आहे? त्याने खांदे उडवले आणि गवसणी बांधली. धंद्यातल्या माणसाने सांगायचे ते हट्टाने सांगावे. खांदे काय, बैलही उडवतो.

पुढचे दोन महिने सुखाचे गेले. शिळेच्या वाटेवर बैल आपल्या चालीने जात आणि मी मांडीवर सतार घेऊन गती घोटीत असे. आखूड तार चढी लावली की खणखणीत बोले. तेवढी स्पष्ट तर वकिलांची मोठी सतारही वाजत नाही.

रामनवमीला मंडप भरला होता. मृदंगावर देवळाचा गुरव. ते घराणे पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे मृदंग वाजवते आणि त्यांच्या मृदंगाचा सूर कीर्तनकार बुवांच्या गळ्याला बेतलेला, म्हणजे खालचा, घागरीतून आल्यासारखा. मी माझा सूर दिला. गुरवाने मृदंगावर थाप मारली आणि मान हलवली. तार उतरवा म्हणाला. मी उतरवली. आखूड तार तेवढी उतरली की ताण राहत नाही. नखी मारली तर चुरमुरे चावल्यासारखा आवाज आला. पुढच्या रांगेत वकील बसले होते. ते हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला.

मी गुरवाला म्हटले, "तू चढव."

"पुडीचे कातडे फाटेल, शेट."

"निम्मे तू चढ, निम्मे मी उतरतो."

"सूर म्हणजे गवताचा भारा नव्हे, निम्मा करायला."

"अरे, निम्मा नको तर पाव उतरतो. तू पाऊण चढ."

मंडपात खसखस पिकली. गुरव हातोडी घेऊन मृदंगाच्या कातडी पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे ठोकू लागला, मी खुंट्या पिळू लागलो. तो थोडा चढे, मी थोडा उतरे. माझे म्हणणे अजूनही हेच आहे, की दोन माणसांत तंटा पडला तर मधे भेटावे. तेवढ्यात वकिलांचा आवाज आला. "शेट, सौदा लवकर तोडा. राम बारालाच जन्मतो, भाव पटेपर्यंत थांबत नाही."

सौदा तुटला तो बराचसा माझ्या बाजूने; मृदंगच जास्त चढला. मी वाजवले, आणि चांगले वाजवले. पण माझी घटका खुंट्यांतच गेली होती, म्हणून जेमतेम एक गत झाली. लगेच बुवा उभे राहिले. मृदंग पुन्हा उतरवायला वेळ नव्हता; सूर्य डोक्यावर येत होता. बुवांनी चढ्या सुरात नमन धरले. त्यांच्या कपाळाच्या शिरा दिसू लागल्या. जन्माच्या पदाला वरचा सूर आला तेव्हा त्यांचा गळा फुटला, माझ्या भोपळ्यासारखा. गुलाल उधळायला उचललेले हात तसेच राहिले.

तेव्हा पाळण्याजवळच्या बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या गळ्याला तो सूर असा बसला, की त्या देवळात इतका गोड पाळणा मी आधी ऐकला नव्हता, पुढेही नाही. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितले तो बुवांच्या गळ्याची गोष्ट काढतो. बायका गायल्या ते कोणाला आठवत नाही. बुवा आठ दिवस सुंठ चघळत होते ते सगळ्यांना आठवते.

पुढच्या वर्षी मान मला मिळाला नाही. कोणालाच मिळाला नाही. वकिलांनी ठरवले की सतार बंद, देवळासाठी बाजाची पेटी घ्यायची. पेटीचा सूर कोणाला चढवता उतरवता येत नाही. "पेटीशी घासाघीस चालत नाही," असे ते चारचौघांत म्हणाले, आणि वर माझ्याकडेच वर्गणी मागायला आले.

मी त्यांना पाट दिला, पाणी दिले आणि विचारले, "पेटी बुवांच्या गळ्याला लावून पाहिली का? गुरवाच्या मृदंगाला?"

त्यांनी पाहिली नव्हती. वस्तू उत्तम आहे, विलायती आहे, कमी किमतीत पदरात पडते आहे, एवढे म्हणाले. मी त्यांना आणखी काही सांगितले नाही. खांदे उडवले आणि वर्गणी दिली.