बेलाची कवटी

आठवीनंतर शाळा सोडून पुण्याला कामावर निघालो, तर मंगरूळपीरच्या स्टँडवरच पोट बिघडलं. बस चुकली तर काम जाणार होतं. बेलफळं विकणाऱ्या एका मावशीनं टिचकी मारून अर्धकच्चा बेल निवडला, चहावाल्याच्या निखाऱ्यांत भाजला आणि गुळात कालवून कवटीतच दिला.

"घाबरून काहून राह्यला? खाय. अन् कवटी वापस आणजो."

"काय करता तिचं?"

"काई नाई. त्या बहान्यानं पोट्टे वापस येतेत."

पोट थांबलं, काम टिकलं. दर दिवाळीला कवटी रिकामी करून, धुऊन स्टँडवर नेतो. चहावाला म्हणतो, "ते मावशी उन्हाळ्यातच बसते ना बापा, बेल आल्यावर."

उन्हाळ्यात मला रजा नसते. पुण्याला परतल्यावर मी कवटीत पुन्हा मीठ भरतो.